गाव्रील इलिझारोव : सडलेले हाड काढून नवे हाड वाढवणारा डॉक्टर

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात कधी गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. तिथे एखादा तरी पेशंट असा असतो, ज्याच्या पायाभोवती लोखंडी कड्या बसवलेल्या असतात. कड्यांना जोडणाऱ्या लांब सळ्या, त्यांवर नट-बोल्ट, आणि सायकलच्या चाकाला असतात तशा बारीक ताठ तारा. त्या तारा चक्क पायातून आरपार गेलेल्या! पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटाच येतो. पण तो पेशंट मात्र काठी टेकत त्याच पायावर हळूहळू चालत असतो. वॉर्डातले लोक त्याला नुसतं रिंग म्हणतात. डॉक्टर म्हणतात, इलिझारोव.

इलिझारोव हे माणसाचे नाव आहे, यंत्राला ते नंतर मिळाले. रशियातल्या एका आडगावच्या डॉक्टरांचे हे आडनाव. आज आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत. पण त्यांनी नेमके काय केले हे कळायचे असेल तर आधी एक रोग समजून घ्यावा लागेल. थोडा वेळ लागेल, पण कंटाळू नका.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात, जुने हाड झिजते आणि नवे बनते. तुमचा हात मोडला, प्लास्टर घातले आणि दीड-दोन महिन्यांत हाड जुळले, ते याचमुळे. पण समजा हाड मोडताना कातडी फाटली आणि हाडाचे टोक बाहेर आले. रस्त्यावरची माती, कपड्याचे धागे, जंतू, सगळे आत गेले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू यात सर्वांत जास्त सापडतो. हे जंतू हाडात शिरले की तिथे पू होतो. मऊ मांसात पू झाला तर तो जागा करून घेतो, गळू फुटते आणि मोकळे होते. हाडाची नळी मात्र कडक. आत पू साठला की दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाचा तेवढा तुकडा रक्त न मिळाल्यामुळे मरतो. या रोगाला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात.

आता खरी गोम बघा. मेलेल्या तुकड्याला रक्त पोहोचत नाही. औषध कशातून जाते? रक्तातूनच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कशातून जातात? त्याही रक्तातून. म्हणजे मेलेले हाड हा जंतूंचा किल्लाच झाला. तिथे ते चिकट थर करून बसतात आणि गोळ्या-इंजेक्शनांना दाद देत नाहीत. वरची जखम भरते, माणसाला वाटते सुटलो, आणि सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनीही ती पुन्हा फुटते. पू वाहायला लागतो, कधी हाडाची किरचही बाहेर पडते. काही माणसांचे सगळे आयुष्य असे पट्ट्या बदलण्यात जायचे.

मग डॉक्टरांनी करायचे काय? मेलेले हाड काढून टाकायचे, हे उत्तर सोपे आहे. पण नडगीच्या हाडातून सहा सेंटिमीटरचा तुकडा काढला तर तिथे सहा सेंटिमीटरची पोकळी राहते. पाय लुळा पडतो. पोकळीत कमरेचे हाड आणून भरावे तर पू असलेल्या जागी ते विरघळून जाते. आतून धातूची पट्टी किंवा सळई घालावी तर तिच्यावरही जंतू ठाण मांडतात. प्लास्टर घालावे तर जखम झाकली जाते आणि आत हाड हलत राहते. काढले तर पाय उभा राहत नाही आणि ठेवले तर पू थांबत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पुष्कळदा पाय कापणे एवढेच उरायचे. हा पेच ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती आहे.

गाव्रील अब्रामोविच इलिझारोव यांचा जन्म १५ जून १९२१ रोजी बियालोविएझा या गावी झाला. हे गाव पोलंडमध्ये आहे. पुढे कुटुंब अझरबैजानच्या उत्तरेला, दागेस्तानच्या हद्दीजवळ असलेल्या कुसार या डोंगराळ भागातल्या गावी आले. वडील त्याच मुलखातल्या डोंगरी ज्यू समाजाचे. सहा भावंडांत गाव्रील सर्वांत मोठा. तो लहान असतानाच वडील वारले आणि घरात अठराविसे दारिद्र्य आले. थोरला म्हणून त्याला गुरे राखावी लागली, मिळेल ते काम करावे लागले. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण शाळेत गेला तो परीक्षा देऊन एकदम वरच्या वर्गात बसला.

डॉक्टर व्हायचे त्याच्या मनात कसे आले, याची एक हकिकत सांगतात. लहानपणी त्याने न धुतलेली नासपती पोटभर खाल्ली. फळांवर मोरचुदाची फवारणी झालेली होती. विषबाधा झाली आणि पोर जगते की मरते अशी वेळ आली. गावातल्या आरोग्यसेवकाने त्याला वाचवले. असा माणूस आपणही व्हायचे, असे त्या मुलाने तेव्हा ठरवले म्हणतात. मोठ्या माणसांच्या बालपणाच्या गोष्टी मागाहून थोड्या रंगतातच, त्यामुळे यातले खरे किती ते तुम्ही ठरवा. एवढे मात्र खरे की दागेस्तानातल्या बुइनाक्स्क इथे कामगारांसाठी असलेल्या शाळेत शिकून तो १९३९ मध्ये क्रिमियातल्या सिंफेरोपोलच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. जर्मन फौजा क्रिमियापर्यंत पोहोचल्या तेव्हा अख्खे कॉलेज उचलून कझाकस्तानात किझिल-ओर्दा इथे हलवले गेले. तिथेच १९४४ मध्ये इलिझारोव डॉक्टर झाले. वय २३ वर्षे. सरकारने त्यांना नेमणूक दिली ती उरल पर्वताच्या पलीकडे, सैबेरियाच्या उंबरठ्यावर असलेल्या कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात.

आपल्याकडे नव्या डॉक्टरला दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टाकतात ना, तसेच समजा. फक्त थंडी उणे तीस-पस्तीस अंशांची. आसपासच्या कितीतरी गावांना मिळून डॉक्टर हाच. बाळंतपण, ताप, दात, अपेंडिक्स, मोडलेला पाय, सगळे त्याच्याकडेच. इलिझारोव यांनी हाडांच्या शस्त्रक्रियेचे कुठलेही मोठे शिक्षण घेतले नव्हते. पुढे कुर्गान शहरातल्या प्रांतिक रुग्णालयात गेल्यावर त्यांना छोट्या विमानातून दूरच्या गावी पेशंटकडे उडत जावे लागे. ऑपरेशन तिथेच, मिळेल त्या टेबलावर.

युद्ध संपले होते, पण युद्धाने मोडलेली माणसे गावोगाव परतत होती. गोळ्या लागलेले, बॉम्बच्या तुकड्यांनी पाय फाटलेले. कुणाचे हाड जुळलेच नव्हते, कुणाचे वाकडे जुळले होते, कुणाच्या नडगीतून चार-चार वर्षे पू येत होता. त्यांना महिनोन् महिने प्लास्टरमध्ये ठेवायचे, मग प्लास्टर काढून बघायचे, हाड जुळलेले नसायचे, की पुन्हा प्लास्टर. तोवर सांधे आखडून जायचे, मांस सुकायचे. ही माणसे शेतावर, कारखान्यात राबणारी. पाय गेला तर घर बसले. खेड्यातला हा तरुण डॉक्टर ते रोज पाहत होता.

त्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. मोडलेल्या हाडाला जुळायला काय लागते? पहिली गोष्ट, दोन्ही टोके हलता कामा नयेत. दुसरी, रक्तपुरवठा तुटता कामा नये. प्लास्टर पहिली गोष्ट नीट करत नाही, कारण हाड आणि प्लास्टर यांच्यामध्ये मांस असते आणि ते दबते. आतून पट्टी ठोकायची तर मांस उघडावे लागते, हाडावरचे आवरण खरवडावे लागते आणि दुसरी गोष्ट बिघडते. मग हाड बाहेरूनच, पण थेट हाडालाच धरून पकडता आले तर?

घोडागाडीच्या जोखडाकडे, म्हणजे घोड्याच्या मानेवरची कमान आणि दोन्ही बाजूंचे दांडे यांच्या ताठ जोडणीकडे पाहून त्यांना कल्पना सुचली अशी गोष्ट रशियात सांगतात. काही जण सायकलच्या चाकाचे नाव घेतात. दुसरी तुलना मला समजावायला बरी वाटते. सायकलचे चाक बघा. बारीक तारा, एकेक हाताने वाकेल अशी. पण सगळ्या ताणून बसवल्या की त्या दोन माणसांचे ओझे पेलतात. इलिझारोव यांनी तेच केले. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून एकमेकींना छेद देत आरपार घातल्या, त्यांची टोके पायाभोवतीच्या कडीला बांधली आणि तारा ताणल्या. मोडलेल्या जागेच्या वर एक-दोन कड्या, खाली एक-दोन. कड्यांना आटे पाडलेल्या सळ्यांनी जोडले. नट फिरवला की वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांवर दाबले जातात. १९५१ च्या सुमारास हे यंत्र आकाराला आले आणि १९५२ मध्ये त्यांनी शोधाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. प्रमाणपत्र मिळायला आणखी दोन वर्षे लागली.

यंत्राचे पहिले सुटे भाग स्थानिक कारागिरांकडून, हाताशी असेल त्या सामानातून केलेले होते. इलिझारोव यांचे हात तसेही फार चपळ होते. त्यांना जादूचे प्रयोग करायचा नाद होता आणि वॉर्डातल्या मुलांना ते हातचलाखी करून दाखवत.

या यंत्राचा एक फायदा पू झालेल्या हाडासाठी लगेच दिसला. तारा हाडात घुसतात त्या जखमेपासून दूर, निरोगी भागात. जखमेच्या जागी धातूचा कणही नाही. जखम उघडी राहते, रोज धुता येते, आणि तरीही हाड पक्के धरलेले असते. शिवाय पेशंट पायावर भार देऊन चालू शकतो, आणि चालण्यामुळे रक्ताभिसरण सुधारते. अर्धा पेच सुटला होता. पण पोकळीचे काय?

ते उत्तर चुकून सापडले असे म्हणतात. एका पेशंटला हाड दाबण्यासाठी नट फिरवायला सांगितला होता. त्याने फिरवला उलटा. तुकडे जवळ यायच्या ऐवजी रोज थोडे थोडे लांब गेले. एक्स-रे काढला तर मधल्या जागेत नव्या हाडाची फिकट सावली! जागा रिकामी असायला हवी होती. हा किस्सा तंतोतंत असाच घडला का, यावर मी पैज लावणार नाही. पण त्यानंतर इलिझारोव यांनी जे केले ते मात्र नोंदलेले आहे. त्यांनी तो योगायोग म्हणून सोडून दिला नाही. कुत्र्यांवर वर्षानुवर्षे शेकडो प्रयोग केले. हाड कसे कापायचे, किती दिवस थांबायचे, रोज किती ओढायचे, ते किती हप्त्यांत ओढायचे, सगळे मोजून पाहिले.

निष्कर्ष असे निघाले. हाडाचा कडक बाहेरचा भाग कापायचा, पण आतला मगज आणि वरचे आवरण शक्य तितके शाबूत ठेवायचे, कारण रक्त तिथूनच येते. मग पाच-सात दिवस काहीच करायचे नाही. त्यानंतर रोज एक मिलिमीटर, आणि तोही एकदम नाही, पाव पाव मिलिमीटर असे दिवसातून चार वेळा. रोज अर्धाच मिलिमीटर ओढले तर हाड मध्येच जुळून बसते आणि पुढे ओढता येत नाही. रोज दोन मिलिमीटर ओढले तर हाड तयार व्हायला सवड मिळत नाही. आणि गंमत म्हणजे नुसते हाडच वाढत नाही. हळूहळू ताणले तर त्याच्याबरोबर कातडी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्याही वाढतात. जिवंत शरीराला सावकाश, सतत ताण दिला की ते वाढीने उत्तर देते, हा इलिझारोव यांचा मुख्य सिद्धांत.

आता आपला तो सहा सेंटिमीटरचा पेच परत घेऊ. वहीत एक आकृती काढा, म्हणजे पटकन कळेल. नडगीचे हाड उभे काढा. खालच्या बाजूला सहा सेंटिमीटर भाग सडलेला दाखवा आणि तो खोडून टाका. म्हणजे सर्जनने मेलेले हाड काढले. पाय कड्यांमध्ये पकडलेला असल्यामुळे त्याची लांबी कायम आहे. आता वरच्या बाजूला, गुडघ्याखाली जिथे हाड निरोगी आणि रक्ताने भरलेले आहे, तिथे एक काप घ्या. वरचा काप आणि खालची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा एक मोकळा तुकडा उरला. तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. जसजसा तो खाली येतो तसतशी खालची पोकळी कमी होते आणि त्याच्या मागे, वरच्या कापात, नवे हाड तयार होत जाते. साठ दिवसांनी तुकडा खालच्या टोकाला येऊन टेकतो. मग तिथे दाबायचे, की ते जुळते. मागे तयार झालेले सहा सेंटिमीटर कोवळे हाड कडक व्हायला आणखी काही महिने लागतात. बाहेरून हाड आणले नाही, जखमेत धातू ठेवला नाही, आणि पायाची लांबीही गेली नाही. याला बोन ट्रान्सपोर्ट म्हणतात.

इलिझारोव याच्या पुढेही गेले. त्यांचे मत असे होते की नवे हाड वाढताना त्या संबंध पायाचा रक्तपुरवठा इतका वाढतो, की जंतूंना तिथे टिकताच येत नाही. यात तथ्य आहे. हाडाला काप देऊन ताणले की रक्तप्रवाह बराच वाढतो, हे मोजून दिसलेले आहे. पण पुढच्या डॉक्टरांच्या अनुभवाने एक दुरुस्ती केली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. नुसत्या वाढीवर विसंबून मेलेले हाड आत ठेवले तर पू परत येऊ शकतो. आधी मेलेले हाड रक्त दिसेपर्यंत कसून काढायचे, कोणता जंतू आहे ते तपासून त्याला लागू पडणारे प्रतिजैविक द्यायचे, आणि मग ओढायचे. काढताना हात आखडता घ्यायचा नाही, कारण पोकळी भरून काढायचा मार्ग आता आपल्याकडे आहे. खरे तर इलिझारोव यांच्या पद्धतीने सर्जनला सर्वांत मोठी गोष्ट दिली ती हीच. सडलेले सगळे काढायचे धैर्य.

हे सगळे वाचून तुम्हाला वाटेल की मॉस्कोने त्यांना डोक्यावर घेतले असेल. छे! सोव्हिएत वैद्यकशास्त्राची सूत्रे मॉस्को-लेनिनग्राडच्या मोठ्या प्राध्यापकांच्या हातात होती. कुर्गान कुठे आहे हे नकाशात शोधावे लागे. तिथला पदवीपलीकडे काही नसलेला डॉक्टर हाडांचे नियम शिकवतो म्हणजे काय? काही बडी मंडळी त्यांना कुलुपे दुरुस्त करणारा फिटर म्हणून हिणवत. नट-बोल्ट, पाने, तारा यांमुळे! राजधानीत इतरांनी आपापली वेगळी यंत्रे काढली. पेशंट बरे होऊन जात होते, पण कुर्गानबाहेर पद्धत फारशी पसरत नव्हती. १९५५ पासून इलिझारोव कुर्गानमध्ये युद्धात जायबंदी झालेल्यांच्या रुग्णालयात हाडांच्या विभागाचे प्रमुख होते. बघा, यंत्राची कल्पना १९५१ ची. मान्यता मिळायला पुढची सतरा वर्षे गेली. या काळात किती पाय कापले गेले असतील, हा विचार मनात येतोच.

चित्र पालटले ते १९६८ मध्ये, दोन घटनांनी. पहिली घटना विद्यापीठातली. इलिझारोव यांनी पेर्म शहरात आपला प्रबंध सादर केला, तो खालच्या पदवीसाठी. काम इतके मोठे होते की परीक्षकांनी ती पायरी ओलांडून थेट डॉक्टरेट दिली. तेव्हा त्यांचे वय ४७ होते.

दुसरी घटना एका खेळाडूची. वालेरी ब्रुमेल हे नाव तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या खेळप्रेमींना माहीत असेल. उंच उडीचा जगज्जेता. १९६३ मध्ये त्याने २.२८ मीटरचा विश्वविक्रम केला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा चेंदामेंदा झाला. देशातल्या नामांकित सर्जनांनी एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या. जवळजवळ तीन वर्षे. हाड जुळेना, हाडात पू झाला, पाय आखूड झाला. पाय कापावा लागतो की काय, इथवर गोष्ट आली. शेवटी तो कुर्गानला आला. इलिझारोव यांनी कड्या बसवल्या, हाड जुळवले, लांबीही भरून काढली. काही महिन्यांत ब्रुमेल स्वतःच्या पायांवर चालत बाहेर पडला. एवढ्यावर तो थांबला नाही. सरावाला लागला आणि त्याने दोन मीटरपेक्षा उंच उडी मारून दाखवली. विक्रम परत आला नाही, पण ज्या पायावर उभे राहायची आशा सोडली होती त्या पायाने दोन मीटर! वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली.

त्यानंतर कुर्गानला रांग लागली. विख्यात संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच हात-पाय दुबळे झाले म्हणून १९७० मध्ये तिथे उपचाराला राहिले. १९७१ मध्ये सरकारने कुर्गानमध्ये हाडांच्या उपचारांची स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन केली. १९७८ मध्ये इलिझारोव यांना लेनिन पुरस्कार मिळाला.

तरीही सोव्हिएत देशाबाहेर ही पद्धत कुणाला माहीत नव्हती. पाश्चात्त्य जगाला ती कळली ती एका गिर्यारोहकामुळे, आणि हा भाग मला फार आवडतो. इटलीच्या लेको गावचे कार्लो मौरी हे मोठे गिर्यारोहक. १९५८ मध्ये वॉल्टर बोनात्ती यांच्याबरोबर काराकोरममधले गाशेरब्रुम चौथे शिखर पहिल्यांदा सर करणारे. १९६१ मध्ये बर्फावर घसरताना त्यांचा पाय मोडला. पुष्कळ उपचार झाले, पण पाय धड बरा झाला नाही. ते लंगडत जगभर फिरत राहिले. थोर हायरडाल यांनी पपायरसच्या गवताची बोट बांधून अटलांटिक ओलांडायचा प्रयत्न केला, त्या रा नावाच्या बोटीवरही मौरी होते. बोटीवर डॉक्टर होते सोव्हिएत देशाचे युरी सेन्केविच. त्यांनी मौरी यांना कुर्गानबद्दल सांगितले.

१९८० मध्ये मौरी कुर्गानला गेले. वीस वर्षे जो पाय इटलीत सुधारला नव्हता तो काही महिन्यांत सुधारला. परत आल्यावर लेकोच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिले आणि ते थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव यांना बेलाजियो इथल्या परिषदेत बोलायला बोलावले. साठीला आलेला हा माणूस पश्चिमेत पहिल्यांदाच बोलत होता. व्याख्यान संपल्यावर सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पुढच्याच वर्षी इटालियन डॉक्टरांनी लेकोमध्ये या पद्धतीच्या अभ्यासासाठी आसामी नावाची संस्था काढली. तिथून युरोप, तिथून अमेरिका, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारत. आपल्या महाराष्ट्रात अकोल्याला या तंत्राला वाहिलेले केंद्र उभे राहिले.

पण ही पद्धत म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवे. पेशंटला कित्येक महिने, कधी वर्षभर कड्या घेऊन राहावे लागते. झोपताना कूस बदलता येत नाही. साधी विजार चढत नाही, बाजूने शिवण उसवावी लागते. तारा कातडीतून जातात तिथे लाल होते, पाणी येते, म्हणून ती भोके रोज साफ करावी लागतात. सांधा आखडू नये म्हणून दुखत असतानाही व्यायाम करावा लागतो. आणि नट फिरवायचे काम बहुतेक वेळा पेशंट किंवा घरातले कुणीतरीच करते. दिवसातून चार वेळा, न चुकता. एखाद्या घरात ते काम नववी-दहावीतल्या मुलाकडे येते, आणि ते मूल घड्याळ लावून वडिलांच्या पायाचा नट फिरवते.

आज हाडातल्या पुवावर आणखी मार्ग आहेत. प्रतिजैविक मिसळलेले सिमेंटचे मणी पोकळीत ठेवतात, म्हणजे औषध रक्ताची वाट न पाहता तिथल्या तिथे झिरपते. काही मणी असे असतात की औषध देऊन आपोआप विरघळून जातात. मोठी पोकळी भरायच्या इतरही पद्धती आल्या. पण सडलेला भाग मोठा असेल, पाय आखूड झाला असेल आणि वाकडाही असेल, तर सर्जन अजूनही कड्यांकडेच वळतात.

इलिझारोव शेवटपर्यंत कुर्गानमध्येच राहिले. मॉस्कोला जायची त्यांना गरज उरली नव्हती, मॉस्कोच तिकडे येत होती. सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस मोडला आणि त्यानंतर काही महिन्यांनी, २४ जुलै १९९२ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी हृदय बंद पडून त्यांचे कुर्गानमध्ये निधन झाले. त्यांनी उभारलेल्या संस्थेला आता त्यांचेच नाव आहे, आणि हाडात पू झालेले पेशंट आजही तिथे येतात.